गोदूकाकूंच्या दाराची पारख

बालमित्रांनो, आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या. मोराच्या पिसावरचा निळा डोळा तुम्हाला सुंदर दिसतो. पण तो कोणी काढला, हे पिसाखाली लिहिलेले तुम्ही कधी पाहिले आहे काय?

नाही ना? तरीही पीस सापडले की तुम्ही ते पुस्तकात जपून ठेवता. याचा अर्थ एवढाच, की तुमचे शिक्षण अद्याप पूर्ण झालेले नाही. ज्यांचे ते पूर्ण झाले होते त्यांची ही गोष्ट आहे. देवाचे स्मरण करा आणि शांत बसा.

जेथे अजून रस्ता पोचलेला नाही, अशा एका जंगलात मृगेंद्रमहाराज नावाचा सिंह राज्य करीत होता. राज्य सुखी होते. कलांना आश्रय होता. चित्रे तर फारच काढली जात. ती सगळी महाराजांची असत. महाराज बसलेले, महाराज उभे, महाराज जांभई देताना. झाडाची रुंद साल सोलायची, तिच्या आतल्या गुळगुळीत अंगावर महाराज काढायचे, आणि खाली आपला पंजा उमटवायचा, अशी रीत होती.

पंजा उमटवून झाला, की चित्रकार उठे आणि सालीच्या पाठीमागे आपली पाठ घाशी. ही त्याची सही. पशूंना अक्षर नाही, वास आहे. ज्याचा वास, त्याचे चित्र. हाच तेथला कायदा होता आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नसे.

म्हणून त्या जंगलात चित्राची पारख डोळ्यांनी होत नसे. ती नाकाने होत असे.

कायद्याचे दुसरे कलमही ऐकून ठेवा. चित्रकाराचे नाव ठरले, की चित्र राजगुहेत जमा होई. नाव ठरले नाही, तर ते ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच राही. ज्याचा कर्ता ठाऊक नाही अशी वस्तू राजाला शोभत नाही, असे शास्त्र होते.

नाव ठरवण्याचे काम राजपारखी केसोपंत यांच्याकडे होते.

केसोपंत हे अस्वल. वयाने प्रौढ, अंगाने भारदस्त, नाकाने विख्यात. दरबारात महाराजांच्या उजव्या हाताचा सपाट दगड त्यांचा. मोहाची फुले पडू लागली की पहिली ओंजळ त्यांची. एवढा मान त्यांना मिळाला, कारण त्यांनी आयुष्यात एक वाक्य कधीही उच्चारले नव्हते. ते वाक्य म्हणजे, ‘मला ठाऊक नाही.’

आता झाले असे. टेकडीच्या उतारावर एका बिळात गोदूकाकू नावाच्या सायाळ राहत होत्या. सायाळ म्हणजे जिच्या अंगभर लांब काटे असतात ती. काकूंना नुकतीच पिले झाली होती. पिलांच्या बारशाला शेजारीपाजारी जमले. बिळात दाटीवाटीने बसले. काकूंनी वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतले.

दार म्हणजे एक रुंद, जुनी साल होती. बाहेरून खरखरीत, काळपट. पण आतल्या बाजूला तिच्यावर चित्र होते.

त्या चित्रात महाराज नव्हते. कोणीच नव्हते. जांभळाच्या रसाचा एक मोठा ओघ वरून खाली आला होता. त्याला छेद देत हळदीचा एक फटकारा गेला होता, आणि तो इतक्या वेगाने गेला होता की अजूनही जात असल्यासारखा दिसे. पळसाच्या रंगाचे थेंब उडाले होते. काजळीचा एक डाग कोपऱ्यात गप्प बसला होता. आणि मधोमध थोडी जागा मोकळी होती. तिथे काहीच नव्हते, पण नजर फिरून फिरून तिथेच येई.

पाहुण्यांच्या हातातले कंदमूळ हातातच राहिले. नेहमी भांडणाऱ्या दोन मुंगसिणी एकमेकींना टेकून बसल्या. पाळणा म्हणायचे कोणाच्या लक्षातच राहिले नाही.

बातमी दरबारात पोचायला वेळ लागला नाही. महाराजांनी केसोपंतांना आज्ञा केली, “जाऊन पारख करून या. उद्या निकाल सांगा.”

केसोपंत टेकडी चढून आले तेव्हा काकू दारातच बसल्या होत्या.

“या, केसोपंत. पाणी देऊ?”

“पाणी नको. वस्तू दाखवा.”

“वस्तू कसली मेली, दार आहे ते. आत यावं लागेल. जरा जपून हं, पिलं निजलीत.”

केसोपंतांचे निम्मे अंग आत गेले. तेवढे पुरे होते. काकूंनी दार आत त्यांच्यापुढे ओढले. वरच्या भोकातून ऊन आले आणि चित्रावर पडले.

केसोपंतांनी नेहमीप्रमाणे नाक पुढे केले. मग त्यांचे नाक तसेच राहिले. बाळांनो, त्या क्षणी एक विलक्षण गोष्ट घडली. राजपारख्याने चित्राकडे पाहिले.

लहानपणी आईच्या पाठीवर बसून ते मोहाच्या वनातून जात. आई पळू लागली की सगळा झाडझाडोरा, ऊन आणि सावली एकमेकांत मिसळून मागे सरे. ते आज कित्येक वर्षांनी त्यांना दिसले. त्यांना बरे वाटले. पोटात, छातीत, सगळीकडे बरे वाटले.

मग आपण राजपारखी आहोत हे त्यांना आठवले आणि बरे वाटणे थांबले. त्यांनी खोल श्वास घेतला. मातीचा वास आला. पिलांच्या दुधाचा आला. जुन्या डिंकाचा आला. खाली पंजा नव्हता. मागे कोणाची पाठ घासलेली नव्हती.

“काकू, हे कशाचे चित्र आहे?”

“कशाचंच नाही हो. पण रडणारं पिलू समोर धरलं की गप्प होतं.”

“काढले कोणी?”

“आम्ही राहायला आलो तेव्हा इथंच होतं. ज्यानं काढलं त्याला देव सुखी ठेवो.”

“असे चालत नाही. नाव पाहिजे.”

काकू जरा पुढे सरकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “केसोपंत, एक करा. दरबारात सांगा, ठाऊक नाही म्हणून. म्हणजे दार माझ्याकडं राहील. नाहीतरी तुम्हाला ठाऊक नाहीच आहे.”

“हे तुम्हाला कोणी सांगितले?”

“तुमचं तोंडच सांगतंय की.”

केसोपंतांनी तोंड फिरवले.

“हे बघा,” काकू म्हणाल्या, “कोल्हा रोज संध्याकाळी येतो. दाराला कान लावतो. कशा आहात काकू, विचारतो. मी आतून म्हणते, बरी आहे, तू चालू लाग. पिलांचे काटे अजून गवतासारखे आहेत. मी चाऱ्याला गेले की हे दार आहे म्हणून ती आहेत. मी झावळ्या लावून पाहिल्या. तो शेपटीनं बाजूला करतो. एवढी रुंद साल दुसरी नाही मिळत, सगळ्या महाराजांच्या चित्रांना जातात. काटे टणक होईपर्यंत तरी राहू द्या.”

आत एक पिलू जागे झाले. केसोपंतांच्या नाकाकडे पाहून शिंकले आणि पुन्हा झोपले.

“पाहतो,” केसोपंत म्हणाले.

आणि खरोखर, टेकडी उतरताना त्यांनी ते वाक्य मनाशी म्हणून पाहिले. मला ठाऊक नाही. अवघड नव्हते. उतारावर कोणी ऐकत नसताना ते अगदी सोपे होते. परमेश्वराने सद्बुद्धी सर्वांनाच दिली आहे. फक्त ती एकांतात फार चांगली चालते.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. महाराज अस्वस्थ होते. नदीपलीकडच्या वनात व्याघ्रराज राज्य करीत. त्यांच्याकडे एक चित्र होते, आणि ते दिवंगत गजेंद्राचार्यांचे होते. गजेंद्राचार्य म्हणजे सोंडेत कुंचला धरणारे थोर हत्ती. व्याघ्रराज प्रत्येक निरोपाच्या शेवटी त्या चित्राचा उल्लेख करीत असत.

“केसोपंत,” महाराज म्हणाले, “व्याघ्रराजांकडे गजेंद्राचार्य आहेत. आमच्याकडे काय आहे?”

सगळा दरबार केसोपंतांकडे वळला. गोदूकाकूही मागे उभ्या होत्या. त्यांनी केसोपंतांना मानेनेच खूण केली. म्हणा.

केसोपंतांनी तोंड उघडले. ‘मला’ हा शब्द बाहेर पडला.

“मला...” ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या बुडाखालच्या सपाट दगडाकडे पाहिले. तो उन्हाने छान तापला होता. “मला सांगायला अभिमान वाटतो, महाराज, की हे चित्र गजेंद्राचार्यांचेच आहे.”

दरबाराने एकच गर्जना केली. ज्यांना गर्जना येत नव्हती त्यांनी शेपट्या आपटल्या.

“उत्तरकाळातले,” केसोपंत पुढे म्हणाले. एकदा घसरलेला पाय मध्येच थांबत नाही. “आचार्यांनी या काळात आकृतीचा त्याग केला. ते मौनाकडे वळले. मधली मोकळी जागा म्हणजे मौन.”

“ऐका हो,” काकू मागून ओरडल्या, “माझ्या बिळाचं तोंड हाताएवढं आहे. त्यात हत्तीचं डोकंसुद्धा जाणार नाही!”

“थोरांना वाट सापडते,” महाराज म्हणाले.

त्याच दिवशी दार उचलले गेले. काकू सालीला लोंबकळत राजगुहेपर्यंत आल्या. मग पिले एकटी आहेत हे आठवून परत पळाल्या. त्या दिवसापासून त्या स्वतःच दारात काटे फुलवून बसू लागल्या. कोल्हा येई, नमस्कार करी आणि समोर बसून राही. “भूक लागली असेल ना, काकू?” तो आपुलकीने विचारी. “चाऱ्याला जाऊन या. मी आहे इथं.”

इकडे व्याघ्रराजांनी निरोप पाठवला. ‘अभिनंदन. आमचा विश्वास नाही. खात्री करून घेण्यासाठी दंताजीशास्त्री येत आहेत.’

हे नाव ऐकून केसोपंतांचे केस उभे राहिले. दंताजीशास्त्री म्हणजे रानडुक्कर. जमिनीत वीतभर खाली पुरलेला कंद कोणी पुरला, हे ते वरून सांगत. त्यांच्या विद्वत्तेपुढे मोठेमोठे माना खाली घालत, कारण शास्त्रीबोवांचे सुळेही तेवढेच मोठे होते. चित्राला हत्तीचा वास नाही, हे त्यांना तत्क्षणी कळणार होते. आणि खोटी पारख करणाऱ्यास त्या राज्यात एकच शिक्षा होती. त्याला नदीपार हाकलून देत. नदीपार व्याघ्रराज असत.

केसोपंतांनी विचार केला. चित्राला हत्तीचा वास नाही, ही चित्राची उणीव आहे. ती भरून काढणे हे पारख्याचे कर्तव्य आहे.

ते पाणवठ्यावर गेले. हत्ती नुकतेच पाणी पिऊन गेले होते. त्यांनी पळसाच्या पानांचा द्रोण केला आणि त्यात हत्तीची ताजी लीद भरून घेतली. भर दुपारी, पहारेकरी तरस घोरत असताना, ते राजगुहेत शिरले.

चित्र भिंतीला टेकून उभे होते. केसोपंतांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि नजर चोरली. पुढच्या बाजूला लीद लावण्याची त्यांना लाज वाटली. तेवढी लाज त्यांच्यात शिल्लक होती, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. त्यांनी ती आपल्या पाठीला फासली. साल फिरवली. तिच्या खरखरीत अंगाला पाठ लावली आणि सही करायची म्हणून एकवार हलकेच घासली.

आणि येथे घात झाला.

बाळांनो, अस्वलाची पाठ ही त्याच्या ताब्यात नसते. आपला हात जिथे पोचत नाही तिथेच खाज राहते, आणि अस्वलाचा हात कुठेच पोचत नाही. साल कशी अगदी मनाजोगी खरखरीत होती. केसोपंतांनी पुन्हा एकदा घासले. मग जरा डावीकडे. मग जरा खाली. त्यांचे डोळे मिटले, ओठ लोंबले, एक पाय आपोआप हलू लागला. आपण कोण, कशासाठी आलो, चित्र कोणाचे, याचा त्यांना संपूर्ण विसर पडला. मोठमोठ्या तपस्व्यांना जी अवस्था साधत नाही ती त्यांना साधली होती.

तरसाने कूस बदलली तेव्हा ते भानावर आले. द्रोण उचलून ते समाधानाने घरी गेले.

दंताजीशास्त्री आले. सारे जंगल राजगुहेपुढे लोटले. गोदूकाकूही पिलांना पोटाशी घेऊन आल्या होत्या. शास्त्रीबोवांनी चित्राच्या पुढच्या बाजूकडे पाहिलेही नाही. ते थेट मागे गेले. त्यांनी डोळे मिटले आणि वास घेतला.

“हत्ती आहे,” ते म्हणाले.

केसोपंतांनी सुटकेचा श्वास सोडला.

“पण हत्ती वरवरचा आहे. तो येथे पाहुणा म्हणून आला आहे. घरधनी निराळा आहे.” त्यांनी सालीच्या फटीतून एक लांब, काळा केस दातांनी ओढून काढला. “घरधनी अस्वल आहे.”



“प्रौढ आहे,” शास्त्रीबोवा डोळे मिटूनच सांगत होते. “मोह अधिक खातो. डाव्या कुशीवर झोपतो. दगडावर फार बसतो. आणि या क्षणी त्याला दरदरून घाम फुटला आहे.”

आता कोणालाच नाकाची गरज उरली नव्हती. सगळ्यांना ते नुसते दिसत होते.

“केसोपंत,” महाराज थंडपणे म्हणाले, “हा काय प्रकार आहे?”

केसोपंतांपुढे दोन वाटा होत्या. एक सत्याची. ती नदीपार जात होती. दुसरी वाट कोठे जाते हे दिसत नव्हते, म्हणून ती त्यांनी धरली. ते उठले आणि त्यांनी हात जोडले.

“महाराज, आता लपवून काय उपयोग? हे चित्र माझेच आहे. स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडाने कशी करावी? म्हणून मी आचार्यांचे नाव पुढे केले.”

“आणि हत्तीचा वास?”

“गुरुस्मरण,” केसोपंत म्हणाले.

शास्त्रीबोवांनी मान डोलावली. “मला हीच शंका होती. आणखी एक सांगतो, महाराज. या वासात एक निर्भेळ आनंद आहे. कर्ता स्वतःला विसरला आहे. असे मी आजवर कोठे हुंगलेले नाही.”

हे मात्र अक्षरशः खरे होते.

महाराजांचा चेहरा उजळला. “म्हणजे व्याघ्रराजांकडे मेलेला चित्रकार आहे, आणि आमच्याकडे जिवंत!”

पुन्हा गर्जना झाली. केसोपंतांच्या गळ्यात रानफुलांची माळ पडली. ती गर्दी सारून गोदूकाकू पुढे आल्या.

“बरं झालं बाई. केसोपंत, तुमचंच आहे ना हे? मग मला दुसरं काढून द्या. माझं दार उघडं पडलंय.”

दरबार हसला. पण महाराज हसले नाहीत. आनंदाच्या भरात त्यांना न्याय सुचला.

“रास्त आहे. केसोपंत, दोन काढा. एक हिच्या दाराला, एक आम्ही व्याघ्रराजांना जळवण्यासाठी पाठवू. पौर्णिमेला आणा. शास्त्रीबोवा तोवर येथेच राहतील.”

त्या दिवसापासून केसोपंत राजचित्रकार झाले. सपाट दगडावर चित्रकाराने बसू नये असा नियम होता, म्हणून तो दगड गेला.

चित्र राजगुहेत लावले गेले. वास मागच्या बाजूला होता, तेव्हा मागची बाजू दर्शनी आली. रंगीत बाजू भिंतीकडे गेली. दुरून दुरून रसिक येत. रांगेत उभे राहत. खरखरीत सालीपुढे नाक नेत आणि डोळे मिटून ‘अहाहा’ म्हणत. एका चर्चासत्रात असे ठरले, की लिदीचा थर हा विद्रोह आहे. दुसऱ्या चर्चासत्रात असे ठरले, की तो शरणभाव आहे. एका म्हाताऱ्या सांबराने “पण चित्र कोठे आहे?” असे विचारले. त्याला बाहेर सावलीत नेऊन बसवण्यात आले.

केसोपंत मात्र झाडाखाली साल पुढ्यात घेऊन बसले होते.

त्यांनी जांभळाचा ओघ सोडला. हळदीचा फटकारा ओढला. लांब होऊन पाहिले. सालीवर सिंह बसला होता. त्यांनी ती साल टाकली. दुसरी घेतली. आता डोळे मिटून रंग उडवला. उघडून पाहतात तो सिंह जांभई देत होता. आयुष्यभर हुंगले तेच हातातून येत होते.

मूळ चित्र एकदा नीट पाहावे म्हणून ते राजगुहेत गेले.

“जरा फिरवता का?” त्यांनी पहारेकरी तरसाला विचारले.

“कशाला?”

“पुढची बाजू पाहायची आहे.”

“हीच पुढची बाजू,” तरस म्हणाला. “आणि तुमचंच चित्र तुम्हाला कशाला पाहायला लागतं?”

केसोपंत परत आले. त्या दिवशी बिळात शिरलेले ऊन आणि तो वेग त्यांना आठवत होता. कोणता रंग कुठे कसा होता ते आठवत नव्हते. बरे वाटले होते एवढेच आठवत होते. ते कसे काढायचे हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. हे वाक्य आता दिवसातून अनेकदा त्यांच्या मनात येई. पण आता त्यांना कोणी काही विचारतच नव्हते.

पौर्णिमेला त्यांनी दोन साली आणल्या. त्यांवर सिंह नव्हता, एवढे मोठ्या कष्टाने साधले होते. मागे हत्तीची लीदही व्यवस्थित लावली होती आणि पाठही घासली होती.

दंताजीशास्त्री मागे गेले. वास घेतला. पुन्हा घेतला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“महाराज, फसवणूक आहे.”

“कशी?”

“केसोपंतांच्या कृतीत आनंद असतो. यात नुसती भीती आहे. थरथर आहे. उपास आहे. हे केसोपंतांचे नव्हे. कोणा भित्र्या नक्कलखोराचे काम आहे.”

“कोणी काढली ही चित्रे?” महाराज गरजले.

“मी काढली,” केसोपंत म्हणाले.

“म्हणजे तुम्ही केसोपंतांची नक्कल केलीत?”

“महाराज, मीच केसोपंत!”

“मग तर अपराध अधिकच गंभीर आहे. इतक्या जवळच्याची फसवणूक!”

आणि मग, बाळांनो, जे आयुष्यात घडले नव्हते ते घडले. भर दरबारात, मोठ्या आवाजात, ते खरे बोलले.

“महाराज, ऐका! ते पहिले चित्रही मी काढलेले नाही. मी फक्त पाठ घासली. ते कोणाचे आहे, मला ठाऊक नाही. मला ठाऊक नाही! मला कधीच ठाऊक नव्हते!”

पिलांना घेऊन आलेल्या गोदूकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई,” त्या म्हणाल्या, “आत्ता?”

दंताजीशास्त्र्यांचे डोळे पाणावले होते.

“पाहिलेत, महाराज?” ते म्हणाले. “खरा कलावंत आपल्या श्रेष्ठ कृतीवरचा हक्कही सोडतो. काय हा विनय! मूळ चित्राचा मान यामुळे आणखी वाढला आहे.”

“तरी नकलेची शिक्षा झालीच पाहिजे,” महाराज म्हणाले. त्यांची भोजनाची वेळ झाली होती.

बनावट वस्तू जागच्या जागी नष्ट करावी असा कायदा होता. तरसांनी दोन्ही सालींचे तुकडे केले. काकू ते पाहत होत्या. तुकडे लहान होत गेले तसा त्यांचा संयमही लहान होत गेला.

“महाराज,” त्या म्हणाल्या, “तुमचा कायदा तुमच्यापाशी. चित्र खरं ठरलं तेव्हा माझं दार गेलं. खोटं ठरलं तेव्हाही गेलं. कोल्हा समोर बसून माझी विचारपूस करतोय. मला दार कोण देणार?”

महाराजांनी एकदा काकूंकडे पाहिले. मग केसोपंतांच्या रुंद पाठीकडे पाहिले. शास्त्र पाहण्याइतका वेळ नव्हता, म्हणून त्यांचा निकाल बरोबर आला.

“हाच बसेल दारात,” ते म्हणाले. “दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत, पाठ आत करून. दुसरे तेवढ्याच रुंदीचे दार सापडेपर्यंत.”

दुसरे दार सापडले नाही. काकूंनी शोधले नाही.

केसोपंत रोज संध्याकाळी टेकडी चढतात आणि बिळाच्या तोंडात पाठ लावून बसतात. फट राहत नाही, ही गोष्ट काकूही मान्य करतात. कोल्हा येतो, “नमस्कार, चित्रकार” म्हणतो आणि चालू लागतो. आत पिले नव्या दाराकडे पाहत पडून राहतात. “आई, हे कशाचं गं?” एखादे विचारते. “कशाचंच नाही. झोपा,” काकू म्हणतात.

पिले आता मोठी झाली आहेत. त्यांचे काटे चांगले टणक झाले आहेत. झोपेत ती कूस बदलतात, एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर, आणि गारठा वाढला की दाराला बिलगतात. केसोपंत जागचे हलू शकत नाहीत. ते रात्रभर देवाचे नाव घेतात, आणि अगदी मनापासून घेतात.

तात्पर्य, जे मोठ्यांनी पाठ करावे आणि मुलांनी विसरावे : पारखी व्हायचे असेल तर चित्राकडे पाहण्याचा मोह टाळा, पाहिलेले चित्र आवडून जाते, आणि मग त्याचा काहीच उपयोग उरत नाही. आणि ‘मला ठाऊक नाही’ असे वेळेवर म्हणण्यापेक्षा सायाळीच्या दारात जन्मभर पाठ लावून बसणे केव्हाही प्रतिष्ठेचे. मोठमोठ्या विद्वानांनी हाच मार्ग पत्करला आहे. दारे अजून पुष्कळ रिकामी आहेत.